मान खाली न घालता: माझ्या पेडलबोर्डची मांडणी

मी गाते आणि सोबत गिटारही वाजवते. गाणं सुरू झालं की तोंड माइकपाशी अडकलेलं, दोन्ही हात गिटारवर गुंतलेले, आणि काम सांगावं असा एकच अवयव उरतो: उजवा पाय. तोही धड मोकळा नसतो, कारण तो उचलला की सगळा भार डाव्यावर येतो आणि त्याच वेळी सूर धरून ठेवायचा असतो. आम्ही तिघंच आहोत, बेस, ड्रम्स आणि मी. गिटारचा रंग बदलायचा तर तो मलाच बदलावा लागतो, आणि बहुतेक वेळा ओळीच्या मधोमध. खाली बघितलं की ओठ माइकपासून सुटतात आणि शब्द गळतो. त्यामुळे न बघता चालवता येईल असा पेडलबोर्ड, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेट्यांची फळी, मला हवा होता. तो कसा बांधला ते लिहिते.

पेडलबोर्डबद्दल जेवढं वाचायला मिळतं त्यातलं बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतं: कशाच्या आधी काय? ट्यूनर, मग वाह (पाय हलवत चालवायचं), मग कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा), मग ड्राइव्ह (आवाज मुद्दाम विकृत करणारा), मग कोरस-फेझर (आवाजाला हेलकावा देणारे), मग डिले (प्रतिध्वनी), शेवटी रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा). हा क्रम चुकीचा नाही. पण हा विजेचा क्रम आहे. कुठलं पेडल बोर्डच्या कुठल्या जागी बसवायचं, हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पायाकडे आहे. दोन्ही एकच समजून पेडलं उजवीकडून डावीकडे एका ओळीत लावून टाकली, की नेमकं सगळ्यात जास्त लागणारं पेडल मागच्या रांगेत, दोन नॉब्सच्या आड जाऊन बसतं.

आधी विजेचं सांगते.

माझ्या चेनमध्ये, म्हणजे पेडल्सच्या साखळीत, पहिला येतो फझ (आवाज फाटका, खरखरीत करणारं पेडल), ट्यूनर नाही. कारण तो फझ फेस आहे. १९६६ साली लंडनच्या आर्बिटरने आणलेलं हे सर्किट दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर भागांचं आहे. त्याचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फारच कमी, म्हणून गिटारचे पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या गुंडाळ्या) आणि फझ मिळून एकच सर्किट असल्यासारखे वागतात. गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की फझ निवळतो आणि जवळजवळ स्वच्छ, काचेसारखा आवाज येतो. ही जादू फक्त गिटार थेट जोडली तरच होते. मध्ये बफर (सिग्नलला पुढच्या ओझ्यापासून अलग ठेवणारं छोटं सर्किट) आला, मग तो एखाद्या ट्यूनरच्या पोटातला का असेना, की फझ चिरका होतो आणि व्हॉल्यूम कमी केल्यावर निवळणं जवळपास संपतं. माझा ट्यूनर आहे बॉसचा टीयू-३, आणि तो बंद असतानाही सिग्नल त्याच्या बफरमधूनच जातो. म्हणून फझ आधी, ट्यूनर नंतर. यात एकच अडचण: फझ चालू ठेवून ट्यून करता येत नाही, ट्यूनरचे दिवे वेड्यासारखे नाचतात. चालतंय.

माझा फझ सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा आहे, गोल डबीसारखा छोटा. जर्मेनियमचा जास्त गोड वाजतो हे मान्य, पण जर्मेनियम तापमानाप्रमाणे वागणूक बदलतो; दिव्यांखाली तापलेल्या स्टेजवर त्याचा बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरचा कामाचा बिंदू, सरकतो आणि दुपारी साउंडचेकला ऐकलेला आवाज रात्री सापडत नाही. शिवाय जुन्या पद्धतीच्या पीएनपी (उलट पोलॅरिटीच्या ट्रान्झिस्टरच्या) जर्मेनियम फझचा ग्राउंड पॉझिटिव्ह असतो. तो बाकीच्या पेडल्ससोबत एकाच वायरीवर लावला की सप्लाय सरळ शॉर्ट होतो. असा फझ असेल तर त्याला स्वतःची बॅटरी द्यावी, किंवा पूर्ण वेगळं आउटपुट. आणि बॅटरीवर चालणारं पेडल घरी आल्यावर इनपुटची केबल काढून ठेवावी, कारण तो जॅकच बॅटरीचा स्विच असतो. पिन आत राहिली की पेडल बंद असूनही बॅटरी संपत राहते.

मग येतो ट्यूनर, आणि त्याच्यातला बफर मला खरोखर हवा आहे. बफरला नावं ठेवायची फॅशन आहे, म्हणून इथे थोडं थांबते. गिटार केबलच्या दर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण, जो आवाजाची वरची धार खातो) असतो. गिटारपासून बोर्डपर्यंत ६ मीटर, बोर्डपासून ॲम्पपर्यंत ६ मीटर आणि मधल्या पॅच केबल्सचा मिळून एखादा मीटर धरा. सगळी पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सरळ वायरीतून सोडणारी) असतील आणि सगळी बंद असतील, तर पिकअपला हे १३०० पिकोफॅरड एकट्याने ओढावे लागतात. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपचा इंडक्टन्स २.३ हेन्री धरून हिशेब केला तर नुसत्या ६ मीटर केबलवर त्याचा रेझोनन्स (तो सगळ्यात उठून वाजतो ती जागा) सव्वाचार हजार हर्ट्झच्या आसपास असतो, आणि १३०० पिकोफॅरडवर तो तीन हजारांच्याही खाली येतो. गिटारची जी धार शब्दांच्या वरून ऐकू यायला हवी, तीच यात बोथट होते. चांगला बफर एकदा मध्ये आला की पुढची केबल कितीही लांब असो, पिकअपला तिचं ओझं नाही. फझसारखी एखाददुसरी लहरी वस्तू सोडली तर एक बफर लवकर आणि लांब केबल ओढायला एक शेवटी, एवढी व्यवस्था बहुतेकांना पुरते. माझा रिव्हर्ब कायम चालूच असतो, त्यामुळे शेवटचं काम तोच करतो.

ट्यूनरनंतर फेझर. इथे बरेच जण भुवया उंचावतात, कारण मॉड्युलेशन (फेझरसारखी आवाज हलवणारी पेडलं) ड्राइव्हच्या नंतर असं शिकवलेलं असतं. माझा फेझर म्हणजे फेज ९०, १९७४ पासून चालत आलेला, एकाच नॉबचा. ड्राइव्हच्या नंतर ठेवला की त्याला चघळायला भरपूर हार्मोनिक्स मिळतात आणि हेलकावा अंगावर येतो, विमान डोक्यावरून गेल्यागत. नुसतं वाजवणाऱ्याला ते हवंच असतं. पण मी त्याच वेळी गात असते आणि तो हेलकावा माझ्या शब्दांवरून लाटणं फिरवतो. ड्राइव्हच्या आधी ठेवला की लाट आत दबते. आवाज जाड होतो, थोडासा हलतो, आणि गाणं वर राहतं. माझ्या बोर्डवरचे अर्धे निर्णय असेच घेतलेले आहेत. गिटार एकटी किती छान वाजते याला मी फार किंमत देत नाही.

ट्यूब स्क्रीमर या माझ्या एका ड्राइव्हचंही तेच. टीएस-८०८ आणि त्याची असंख्य भावंडं प्रसिद्ध आहेत ती मधल्या पट्टीच्या उभारीसाठी. या सर्किटमध्ये क्लिपिंगच्या (लाटेची टोकं छाटण्याच्या) टप्प्यावर साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी गेन (वाढ) मिळतो, मग पुढचा फिल्टर वरचा भाग उतरवतो, आणि मधोमध टेकडी उरते. बँडच्या गजरात गिटार पुढे काढायला यासारखी युक्ती नाही. पण ती टेकडी नेमकी कुठे आहे बघा. जुन्या टेलिफोनची पट्टी होती ३०० ते ३४०० हर्ट्झ, कारण बोललेले शब्द समजायला तेवढं पुरतं. म्हणजे स्क्रीमर गिटारला उचलून थेट गायिकेच्या तोंडासमोर उभं करतो. म्हणून गाण्याच्या ओळींखाली मी स्क्रीमर कधीच लावत नाही. तिथे रॅट हा दुसरा ड्राइव्ह असतो, गेन अगदी कमी ठेवून. रॅटचा फिल्टर नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की आवाज गडद होतो. मी तो दोन वाजण्याच्या जागेपर्यंत नेते, म्हणजे वरची खरखर माझ्या स-श-च वर चढत नाही. स्क्रीमर फक्त तोंड मिटलेलं असताना, म्हणजे सोलोला.

आता रॅट आधी की स्क्रीमर आधी? यावर लोक रात्र रात्र भांडतात, पण निवड करायला एक गोष्ट कळली तरी पुरे. दोन ड्राइव्ह एकामागे एक असताना पहिल्याची लेव्हल वाढवली, की दुसऱ्याची विकृती वाढते, मोठेपणा फारसा वाढत नाही, कारण दुसरा आधीच छताला टेकलेला असतो. दुसऱ्याची लेव्हल वाढवली की खरंच आवाज मोठा होतो. स्क्रीमर आधी लावून रॅटला ढकलला तर घट्ट, दाबलेला, रिफला छान असा आवाज मिळतो. मला सोलोला आवाज उठायला हवा, कारण दुसरा गिटारवाला नाही आणि मिक्सरवर बसलेला माणूस प्रत्येक वेळी लक्ष ठेवून असेल याची खात्री नाही. म्हणून रॅट, मग स्क्रीमर. स्क्रीमरचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल बरीच वर.

मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब. माझा ॲम्प स्वच्छच ठेवलेला असतो, विकृती सगळी पेडल्समधून येते, त्यामुळे हे दोन्ही ॲम्पच्या तोंडाशी चालतात. ज्यांचा ड्राइव्ह ॲम्पच्या प्रीॲम्पमधून (ॲम्पच्या पहिल्या टप्प्यातून) येतो त्यांनी डिले-रिव्हर्ब ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्पनंतरच्या जोडात) टाकावेत. नाहीतर प्रत्येक प्रतिध्वनी प्रीॲम्पमध्ये पुन्हा पिळला जातो आणि मूळ सुराइतकाच मोठा होऊन बसतो.

डिले ॲनालॉग आहे, बकेट ब्रिगेड चिपवाला. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ साली सुचलेली ही कल्पना: सिग्नलचा प्रत्येक क्षणाचा व्होल्टेज एका कपॅसिटरमधून पुढच्या कपॅसिटरमध्ये ढकलत न्यायचा. एमएन३००५ या नावाजलेल्या चिपमध्ये असे ४०९६ टप्पे असतात. या प्रवासात आवाजाची वरची धार जाते, आणि प्रत्येक पुनरावृत्ती आधीच्यापेक्षा मातकट होत जाते. डिजिटल डिले हुबेहूब परत देतो, पण मला हुबेहूब नकोच आहे. हुबेहूब प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर येऊन आदळतो, मातकट प्रतिध्वनी आवाजाच्या मागे बसतो. वेळेचा हिशेब सोपा आहे: ६०,००० भागिले गाण्याचा बीपीएम (मिनिटाला ठोके), म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. १२० च्या लयीला ५००, आणि त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ३७५ ला, डॉटेड एटथचा तो उड्या मारणारा प्रतिध्वनी मिळतो. मी टॅप टेम्पो (पायाने ठोके मारून डिलेला लय सांगणं) वापरत नाही. एक पाय हवेत ठेवून चार ठोके मारायचे आणि वर गायचं, हे मला जमत नाही. नॉबवर तीन ठिपके आहेत, नेलपॉलिशचे, तीन रंगांत. सेटमधली जवळपास सगळी गाणी त्या तीन ठिपक्यांत बसतात.

वाह बोर्डवर नाही, त्याचंही कारण तोच एक पाय. कॉम्प्रेसर होता, काढला. त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण तो शांत जागांमध्ये सिंगल कॉइलची गुणगुण वर खेचायचा आणि माझ्या शांत जागा म्हणजे नेमक्या गाण्याच्या हळव्या ओळी.

पॉवरचं प्रकरण कंटाळवाणं असतं म्हणून लोक ते शेवटाला ठेवतात आणि मग बोर्ड घरघरतो. नियम तीनच. व्होल्टेज पेडलवर लिहिलंय तेवढंच हवं. बहुतेकांना ९ व्होल्ट डीसी. पोलॅरिटी जुळायला हवी. बहुतेक ठिकाणी पिनच्या आतला भाग निगेटिव्ह असतो, पण दरवेळी चिन्ह बघायचंच. आणि मिलिअँप सप्लायकडे पेडलच्या गरजेइतके किंवा जास्त असावेत. जास्त असल्याने काही बिघडत नाही, पेडल लागेल तेवढंच घेतं. ॲनालॉग ड्राइव्ह हे अगदी मितभुक, पाच-दहा मिलिअँपवर खूश. माझा ट्यूनर तीसच्या आसपास खातो. डिजिटल रिव्हर्ब मात्र एकटाच १०० ते ३०० मिलिअँप ओढू शकतो, आणि त्याच्या घड्याळाची बारीक शिट्टी सामायिक ग्राउंडवरून ड्राइव्हमध्ये शिरते. तिथून ती मोठी होऊन बाहेर येते. म्हणून आयसोलेटेड सप्लाय, म्हणजे प्रत्येक आउटपुटचा ग्राउंड वेगळा. सगळीच पेडलं ॲनालॉग असतील तर एका अडॅप्टरवरून साखळी काढूनही काम भागतं, कित्येक लोक आयुष्यभर तसंच वाजवतात आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षा चांगला असतो. पण एक जरी डिजिटल पेडल आलं तरी त्याला वेगळं काढावं. सप्लायची पेटी बोर्डखाली कुठे लावायची हेही बघावं लागतं. माझी डाव्या टोकाला आहे, फझपासून शक्य तेवढी लांब, कारण ट्रान्सफॉर्मरभोवतीची गुणगुण फझला फार आवडते. पॉवरच्या वायरी एका कडेने, ऑडिओच्या दुसऱ्या कडेने, आणि जिथे ओलांडायचंच आहे तिथे काटकोनात.

आता पाय.

पेडलं वेल्क्रोवर चिकटवायच्या आधी मी प्रत्येकाच्या आकाराचे पुठ्ठे कापले. बॉसच्या छोट्या पेडलची रुंदी ७३ मिलिमीटर, लांबी १२९. फेज ९० त्याहून बारीक, साधारण ६० बाय ११२. रॅट अंगाने चांगलाच रुंद. पुठ्ठ्यांना प्लगसाठी दोन्ही बाजूंना कान ठेवले, कारण कागदावर सगळं बसतं आणि प्लग लावले की उरावर येतं. चपट्या डोक्याचे प्लग घेतले तरी दोन पेडल्समध्ये दीड-दोन सेंटिमीटर लागतातच. जॅक पेडलच्या माथ्यावर असतील तर बाजूची जागा वाचते, पण मागच्या रांगेकडे तेवढीच खर्च होते.

हे पुठ्ठे जमिनीवर टेपने चिकटवले, समोर माइक स्टँड उभा केला आणि गिटार ॲम्पला थेट जोडून सगळा सेट गायले. जिथे पेडल दाबायचं तिथे पुठ्ठा दाबायचा. आमचा ड्रमर हे बघून इतका हसला की त्याच्या हातून काठी पडली. हसू दे. पुठ्ठ्यांवरून जे कळलं ते कुठल्याही आकृतीतून कळलं नसतं. पहिलं म्हणजे, माझा पाय सरळ पुढे जात नाही, उजवीकडे कलून जातो, कारण गिटारची मान डावीकडे आहे आणि अंग तिच्यासोबत वळलेलं असतं. म्हणजे बोर्ड माइकच्या बरोबर खाली असून उपयोग नाही, तो एक वीतभर उजवीकडे हवा. दुसरं, माइक स्टँडचे तीन पाय आणि बोर्ड एकाच जागेसाठी भांडतात. गोल, जड पायाचा स्टँड मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर तिघांपैकी एक पाय प्रेक्षकांकडे वळवून उरलेल्या दोघांच्या मध्ये बोर्डची डावी कड घुसवावी लागते. आणि तिसरं, न बघता पायाला दोनच जागा नक्की सापडतात: पुढच्या रांगेचे दोन कोपरे. कोपऱ्याला कड असते, बुटाला ती लागते. मधलं सगळं अंदाजाने.

मग पुढच्या रांगेचा डावा कोपरा डिलेला दिला. ओळीचा शेवटचा शब्द संपताना डिले चालू, पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बंद, हे मी सारखं करते, आणि ते नेमक्या ठोक्यावर व्हावं लागतं. उजवा कोपरा फझकडे गेला. तो पायाने मागितला नव्हता, सिग्नलने दिला: गिटारची केबल उजवीकडून येते आणि फझला पहिलं राहायचं असतं. मध्ये रॅट आणि स्क्रीमर शेजारी शेजारी. रॅट सगळ्यात जास्त वापरला जातो आणि त्याला कोपरा मिळाला नाही, म्हणून त्याच्याखाली दीड सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा घातला. आता पाऊल आडवं सरकवत नेलं की जिथे पायरी लागते तिथे रॅट. स्क्रीमरची चौकोनी कळ आणि रॅटचं लोखंडी बटण पातळ तळव्याच्या बुटातून वेगवेगळी कळतात. जाड सोलचे बूट घालून मी वाजवतच नाही. दोन्हींची बटणं इतकी जवळ आहेत की पाऊल आडवं टाकलं तर एका दाबात दोन्ही लागतात: सोलोला हवं तेच.

मागच्या रांगेत ट्यूनर, फेझर, रिव्हर्ब. ट्यूनर दोन गाण्यांच्या मध्ये लागतो, तेव्हा खाली बघायला हरकत नसते. फेझर सेटमध्ये फार तर एखाददोन गाण्यांना. रिव्हर्बला पाय लागतच नाही. मागची रांग थोडी उंच केली आहे, नाहीतर तिच्याकडे जाताना टाचेखाली पुढच्यांचे नॉब फिरतात.

या मांडणीत सिग्नलची वाट वेडीवाकडी झाली. उजव्या पुढच्या कोपऱ्यातून मागे ट्यूनरकडे, तिथून डावीकडे फेझर, मग खाली उतरून रॅट, स्क्रीमर, डिले आणि पुन्हा मागे रिव्हर्ब. व्यवस्थित माणसांना हे बघवत नाही. पॅच केबल्स लांब झाल्या, हे खरं. पण ज्या केबल्स लांबल्या त्या बफरच्या पुढच्या आहेत. वीस सेंटिमीटर जास्त म्हणजे वीस पिकोफॅरड, आणि बफरला त्याची जाणीवही होत नाही. फझ ते ट्यूनर एवढीच केबल बफरच्या आधी आहे आणि ती मुद्दाम तोकडी ठेवली आहे.

पॅच केबल्स मी स्वतः सोल्डर करते. सोल्डर न लागणारे, स्क्रूने आवळायचे प्लग कापायला आणि जोडायला सोपे असतात, पण बोर्ड गाडीतून हादरे खात जाणार असेल तर ते कधी सैल पडतील याचा भरवसा नाही. प्रत्येक केबल मल्टिमीटरवर तपासायची: एका प्लगच्या टोकापासून दुसऱ्या प्लगच्या टोकापर्यंत जोड हवा, टोक आणि बाही (प्लगचा मागचा धातूचा भाग) यांच्यात नको. तपासताना केबल वाकवून, हलवून बघायची, कारण खराब सांधा सरळ केबलमध्ये शहाण्यासारखा वागतो. आणि स्टेजवर आवाज गेलाच तर एकेक पेडल उपटत बसायचं नाही. आधी गिटार थेट ॲम्पला. आवाज आला तर चेन अर्ध्यात तोडायची, पुढची अर्धी की मागची ते बघायचं, मग त्या अर्ध्याची अर्धी. सात पेडल्समध्ये तीन वेळा तोडलं की दोषी हातात. यासाठी एक जास्तीची लांब केबल ॲम्पच्या मागे गुंडाळून ठेवलेलीच असते.

वेल्क्रोबद्दल फक्त एवढंच की चिकटवण्याआधी पेडलचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, आणि बॉसच्या रबरी तळावर वेल्क्रो टिकत नाही, तो रबराचा पत्रा सोलून काढावा लागतो. काढलेला जपून ठेवा, पुढे पेडल विकताना लोक विचारतात. नॉब पायाने सरकू नयेत म्हणून त्यांच्या दांड्याखाली रबरी रिंगा सारल्या आहेत आणि प्रत्येक नॉबच्या जागेवर ठिपका आहे. रिव्हर्बचा निळा एलईडी इतका प्रखर होता की अंधाऱ्या स्टेजवर तो सोडून दुसरं काही दिसायचं नाही. त्यावर काळ्या टेपचा तुकडा लावला, मधोमध टाचणीचं भोक पाडून.

लूप स्विचर घे, असं मला सगळे सांगतात. एका बटणावर रॅट बंद, डिले चालू, फेझर चालू, सगळं एका दाबात. युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्याने बोर्ड रुंद होतो, वजन वाढतं, केबल्स दुप्पट होतात आणि प्रत्येक बटणाचा अर्थ गाण्यागणिक बदलतो. मला न बघता चालवायचं आहे. ज्या बटणाचा अर्थ बदलत राहतो ते मला पायाने ओळखता येत नाही. त्यापेक्षा मी गाण्यांची मांडणी बदलली. एका वळणावर एकच दाब, फार तर आडवं पाऊल टाकून दोन. जिथे तीन लागत होते तिथे बेसला दोन मात्रा एकट्याने चालायला सांगितलं, आणि ती जागा आता गाण्यातली बरी जागा झाली आहे. त्याचं श्रेय बेसवाला घेतो, घेऊ दे.

केबल्स झिप टायने बांधायचं काम मी सगळ्यात शेवटी करते. आधी सगळं टेपवर. मग खोलीतले दिवे घालवून पूर्ण सेट, गाऊन, उभ्याने, स्टेजवर घालायचेच बूट घालून. ज्या पेडलवर पाय चुकतो ते सेंटिमीटरभर हलवायचं आणि पुन्हा तेच गाणं. पाय चुकेनासा झाला की वरून एक फोटो, मगच झिप टाय.

सध्या मला ट्रेमोलो (आवाज लहान-मोठा करत थरथरवणारं पेडल) हवा आहे. चेनमध्ये त्याची जागा ठरलेली आहे, स्क्रीमरनंतर आणि डिलेच्या आधी. बोर्डवर मोकळी जागा एकच, मागच्या रांगेत फेझर आणि रिव्हर्बच्या मध्ये, आणि तिथे ३९ मिलिमीटर रुंदीचं मिनी पेडल प्लगसकट जेमतेम बसतं. पुठ्ठा कापून लावला. ज्या गाण्यासाठी तो हवा आहे त्यात तो ओळीच्या मध्यावर चालू करायचा आहे, आणि तिथपर्यंत माझा पाय डिलेला धक्का न लावता पोचत नाही. फेझर काढून टाकू का, असं बेसवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, गाणं बदल. पुठ्ठा अजून चिकटलेला आहे.